मंगळूची खाचरं

१ जून २००१ रोजी मंगळू भोये याला पुढच्या महिन्यापासूनचा पगार ठरवून मिळाला : एक हजार सहाशे पंच्याहत्तर रुपये, आणि राहायला खोली. पगाराचा आकडा त्याने एकदाच ऐकला. खोलीचं मात्र तीनदा विचारून घेतलं.

"बायको-पोरीला घेऊन राहिलं तर चालंल ना, साहेब?"

"अरे, खोली कुटुंबासाठीच आहे," हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वरराव गायधनी म्हणाले. ते बँकेत अधिकारी होते आणि एकच गोष्ट दोनदा सांगणं त्यांच्या जिवावर येई.

पण मंगळूने विचारलं ते उगाच नव्हे. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर त्याची दीड एकर भातजमीन होती. भात घरात आलं की तो द्राक्षबागांत कामाला उतरे, बायको फुलाबाई कांदा काढायला तिसऱ्याच गावी जाई, आणि मुलगी सविता मामाकडे राही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्यांतली एका छपराखाली काढलेली वर्षं मोजली तर सहासुद्धा भरत नव्हती.

सोसायटी नवी होती. गोदेच्या काठच्या पत्र्याच्या चाळी पाडून तिथे बत्तीस घरं उभी राहिली होती, आणि त्यांत बहुतेक जुनेच रहिवासी परत आले होते. पुराचा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी होता, म्हणून तळमजल्यावर नुसते खांब ठेवले होते. मंगळूची खोली जिन्याच्या पहिल्या वळणावर, पुराच्या रेघेच्या वर होती. गच्चीवर उन्हाने पाणी तापवणारे बंब होते आणि त्यांची एक तोटी खोलीच्या मोरीत काढलेली होती. त्या वर्षी थंडीत फुलाबाईने पहिल्यांदा सरपण न जाळता ऊन पाण्याने अंघोळ केली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "लय चैन हाय बाई! आता माहेरी जाऊन सांगितलं तर खोटं वाटंल त्यांना."

मंगळूचं मुख्य काम होतं पाण्याचं. घराघरांतलं मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी आधी एका टाकीत साठे, मग खडी-मातीच्या लांबलचक वाफ्यातून झिरपत जाई. वाफ्यात कर्दळ लावलेली. पलीकडे निघालेलं पाणी बागेला द्यायचं, अशी योजना. तिच्यामागे वत्सलाबाई होत्या. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, सोसायटीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या. "आपलं खरकटं गंगेत सोडायचं नाही, एवढं एकच मागणं आहे माझं," असं त्यांनी पहिल्या सभेत गोदेकडे बोट दाखवून सांगितलं होतं.

पण दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये कर्दळ पिवळी पडली. वाफ्यावर पाणी तुंबू लागलं, वास सुटला. सभेत कुजबूज सुरू झाली, की हा उपद्व्याप बंद करून गटारीला जोडून टाकावं. मग पाणी बघायला माणूस कशाला? आणि माणूस नाही तर खोली कशाला? ही कुजबूज फुलाबाईच्या कानांवर आली.

"जूनमध्ये सविता सातवीत जाईल," ती म्हणाली. "आता शाळा मोडली तर ती परत बसायची नाय. काहीतरी करा."

मंगळूने वाफ्याची माती मुठीत घेऊन दाबली, हुंगली. रोप पिवळं म्हणजे जमीन थकलेली, आणि थकलेल्या जमिनीवर त्याच्या बापजाद्यांनी एकच उपाय केला होता : राब भाजायचा. भाताची रोपं टाकण्याआधी तिकडे शेण, पालापाचोळा, फांद्या जमिनीवर पसरून पेटवतात. जमीन भाजून निघते, राख मिसळते आणि रोप तरारून वर येतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याने टाकीची चावी बंद केली, कर्दळ कापली, वाफा चार दिवस वाळवला, आणि सकाळी आठ वाजता पेटवून दिला.

वाफ्यात चार बोटं खाली प्लास्टिकचे पाइप होते. ते मंगळू येण्याच्या आधीच पुरलेले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं.

काळा धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. पहिल्या मजल्यावरचा मनोज बनियनवरच धावत खाली आला. "मंगळू, होळी होऊन महिना झाला रे! तुला आत्ता आठवण झाली?" चार दिवस बंद असलेली टाकी दुपारपर्यंत भरून वाहू लागली आणि मोटारसायकलींच्या चाकांखालून खरकटं पाणी फिरलं.

रविवारी सभा भरली. मंगळू कोपऱ्यात उभा होता. त्याच्या मागे खांबाआड फुलाबाई.

"टाकी उपसायची गाडी आणि पाइप मिळून नुकसान दोन हजार एकशे चाळीस," यज्ञेश्वररावांनी वाचून दाखवलं. "शिवाय हा माणूस ठेवायचा की नाही, ते ठरवा."

"वाफा खणलाय मी," मंगळू एकदम म्हणाला. "जळलेलं बाहेर काढाया. पाइप आधीच बंद हुते, साहेब. आत तुपासारखा पांढरा लगदा. हे बघा." आणि त्याने न जळलेला एक तुकडा टेबलावरच ठेवला. पुढच्या रांगेने नाकाला पदर लावले.

"हे तळणीचं तेल," वत्सलाबाई म्हणाल्या. "म्हणजे आपलंच."

"पण जाळायचं कशाला?" मनोज म्हणाला.

"ती चूक माझीच." मंगळूने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "आमच्याकडं डोंगरउतारावर खाचरं असत्यात. वरचं भरलं की पाणी बांधावरनं खालच्यात उतरतं. पाइप नाय, काय नाय. इथंबी नदीकडं उतार हाय. तीन खाचरं करतो. पावसाळ्यापर्यंत येळ द्या मला."

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं : निम्मं नुकसान, एक हजार सत्तर रुपये, मंगळूने दरमहा पन्नासप्रमाणे फेडायचं. एक जुलैला शेवटच्या खाचरातल्या पाण्याला वास आला, तर खोली रिकामी करायची.

मे महिनाभर नवरा-बायकोने कुदळ खाली ठेवली नाही. टाकीच्या तोंडाशी फुलाबाईने करंडी बसवली. तेलकट गाळ तिच्यात अडकायचा आणि ती रोज सकाळी तो काढायची. शाळा उघडली तेव्हा सविता नवं दप्तर घेऊन गेली खरी, पण पुस्तकांवर नाव घालायचं तिने एक तारखेपर्यंत राहू दिलं.

एक जुलैला वत्सलाबाई कठडा धरून खाली आल्या. मंगळूने तिसऱ्या खाचरातलं पाणी काचेच्या पेल्यात भरून दिलं. त्यांनी पेला उजेडात धरला, नाकाशी नेला.

"थोडं गढूळ आहे," वत्सलाबाई म्हणाल्या. "वास नाही. यज्ञेश्वर, तू बघ."

यज्ञेश्वररावांनी दोनदा हुंगलं. "नाही," ते म्हणाले, आणि वहीत तसं लिहिलं.

सविता त्याच खोलीत राहून दहावी झाली. खाचरांत फुलाबाईने अळू लावलं होतं. त्याची पानं पाहून मनोज एकदा म्हणाला, "वहिनी, हे आमच्याच खरकट्यावर पोसलेलं ना?"

"मग? शोभेचं हाय ते, खायचं नाय. पण तुमची मिसेस रोज खिडकीतनं बघत्यात, तेवढ्यानं पोट भरतंय त्यांचं."

मंगळूने एकवीस हप्ते दिले, शेवटचा जानेवारी २००४ मध्ये. एक हजार सत्तरांपैकी सोसायटीचे वीस रुपये त्याच्याकडे अजून बाकी आहेत.