दारावरचा आकडा

माधव गेल्याचं पत्र मला तीन दिवस उशिरा मिळालं. ठाकुर्लीला पोचलो तेव्हा त्याच्या घरात रडणंही थकलं होतं...

पन्नासच्या दशकात हिवतापाच्या फवारणीवर आम्ही दोघे एकाच पथकात होतो. तो पथकाचा प्रमुख. नोकरी मात्र दोघांचीही तात्पुरती. कल्याणच्या खाडीकडच्या एका गावात आम्ही नोंदीसाठी दारांवर गेरूने आकडे टाकू लागलो आणि माणसं आडवी आली. औषध हे नुसतं निमित्त, त्याच्या वासाने आपल्याला बाहेर काढायचं आणि आकडे घातलेली घरं सरकारने घ्यायची, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. आत पोरं तापाने फणफणत होती. मला हसू आलं. माधव मला म्हणाला, "हसू नकोस. त्यांना असं का वाटतं, ते तरी ऐकू."

तो एका म्हातारीच्या ओट्यावर बसला. ती तांदूळ निवडत राहिली. दुपारी म्हणाली, "लढाईच्या टायमाला पन असेच आलेले. वहीत लिवून नेलं, आकडे टाकले. आठ दिसांत घरं खाली करायला लावली." तिचं पहिलं घर लष्कराच्या छावणीत गेलं होतं. माझं हसू मलाच टोचलं. तिने काहीच मनाने रचलं नव्हतं. एकदा घडलेलंच ती पुन्हा घडताना बघत होती.

दुसऱ्या दिवशी माधव वही न घेता गेला. आकडे पुसायला लावले. गावकऱ्यांना म्हणाला, "सरकार पुढे काय करील, ते मला ठाऊक नाही. या औषधाने डास मरतात, एवढं ठाऊक आहे." खोटा दिलासा त्याने दिला नाही, बहुधा म्हणूनच म्हातारीने दार उघडलं. मागोमाग बाकीची उघडली. चारपाच घरं शेवटपर्यंत बंदच राहिली. त्यांच्यावर त्याने कधी राग धरला नाही. आकडे नाहीत म्हणून वरिष्ठांनी खुलासा मागितला. नोकरी जायची भीती होती. त्याने लिहिलं, 'घरे मोजली नाहीत, फवारली.' नोकरी कशीबशी टिकली. त्या वर्षी गावात ताप पुष्कळ उतरला.

परवा पुन्हा ठाकुर्लीला गेलेलो. शेजारचे एक गृहस्थ माधवच्या पत्नीला, सुमनवहिनींना सांगत होते, माधवला डॉक्टरांनीच मुद्दाम चुकीचं इंजेक्शन दिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनींनी मला हातानेच थांबवलं. माधवची खुर्ची त्यांनी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बसा ना. तुमच्या घरी कुणाचं असं झालं होतं का?"

गृहस्थ बसले. मग म्हणाले, "माझा भाऊ..."