मुलुंडच्या प्लॉटवरची चौकट

आमच्या घराला भिंतींच्या आधी दार होतं. दार म्हणजे नुसती सागवानी चौकट, वर गणेशपट्टी, आणि अलीकडे-पलीकडे मुलुंडचं माजलेलं गवत.

तेव्हा आम्ही घाटकोपरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी जिना बंद केला आणि आई वरच अडकली. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मुलुंडला प्लॉट घेतला तो एवढ्यासाठीच. तळमजल्याचं घर, दारातून सरळ अंगणात. तिने निदान काही वर्षं जमिनीवर चालावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

नकाशा मंजुरीसाठी वॉर्ड ऑफिसात गेला होता. अण्णांचा जन्म कचेरीत गेलेला. परवानगीशिवाय वीटही ठेवणार नाही म्हणायचे. पण आषाढ जवळ आला. पुढे चार महिने मुहूर्त नाहीत, आणि पुढच्या वर्षाचा आईला भरवसा नव्हता. भिंती मागाहून होऊ देत, चौकट तरी बसवू, असा हट्ट तिने धरला. जन्मात एकदाच अण्णांनी नियम वाकवला.

शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. दगड-सिमेंटच्या जोत्यात चौकट उभी राहिली. आईने हळदकुंकू लावलं, आंब्याचं तोरण बांधलं आणि पदर सावरून ती आत गेली. आत म्हणजे गवतातच. वळून मला म्हणाली, "आत ये ना गं, बाहेर काय उभी?" आम्ही सगळे हसलो. एवढी खुशीत ती मला पुन्हा दिसली नाही.

पावसाळ्यात ऑफिसचा माणूस जागा पाहायला आला आणि त्याला चौकट दिसली. मंजुरीआधीच बांधकाम सुरू, असा शेरा पडला आणि फाइल थांबली. ना भिंत, ना छप्पर, हे कसलं बांधकाम, असं अण्णा साहेबांना विनवत राहिले. जोतं सिमेंटमध्ये आहे म्हणजे बांधकामच, साहेब म्हणाले. काढून टाका, फाइल लगेच पुढे सरकेल. नियमाने ते चुकीचे नव्हते, आणि याचाच मला आजही संताप येतो.

अण्णांना ती काढवेना. सवाष्णीने पुजलेली चौकट उपटायची, आणि तेही तिच्या हट्टापायी फाइल अडली हे तिला सांगून? गॅलरीत नेऊन त्यांनी मला गप्प राहायची शपथ घातली. मग घरात रोज नवी थाप सुरू झाली. साहेब रजेवर आहेत, सही व्हायची आहे, दिवाळीनंतर नक्की. ते अर्जांवर अर्ज करत राहिले. इकडे आईच्या पायांवरची सूज गुडघ्यांपर्यंत चढली. मला अण्णांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे पाहिलं की रडूही यायचं.

एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता आई शांतपणे म्हणाली, "ती चौकट काढून टाका हो. मी एकदा आत जाऊन आले, तेवढं पुरे."

खुर्ची उचलणाऱ्या शेजाऱ्यांना वॉर्ड ऑफिसात फाइलचं कळलं होतं, आणि त्यांनी तिला केव्हाच सांगितलं होतं. अण्णा आपणहून बोलतील म्हणून ती थांबली होती, आणि ते तिला वाईट वाटेल म्हणून थांबले होते. अण्णा गॅलरीत जाऊन उभे राहिले.

रविवारी चौकट निघाली. फाइल खरंच हलली. मंजुरी आली त्याच्या आदल्या महिन्यात आई गेली. जिन्याच्या अरुंद वळणावर तिला सांभाळून उतरवणारे तेच दोघे शेजारी होते.

घर झालं. सुताराने तीच चौकट बसवायला काढली आणि मुहूर्त कधीचा म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, "कधीही बसवा." गणेशपट्टीच्या खाचेत हळद अजून होती. त्या पट्टीला त्यांनी पॉलिश लावू दिलं नाही.

राहायला गेलो त्या दिवशी अण्णा खाली मान घालून आत गेले. मी बराच वेळ बाहेर उभी होते. आत ये म्हणायला कोणी नव्हतं.