दहाच्या चहाची गोळी

कादवा नदीच्या काठानं, निफाडच्या अंगाला जी गावं वसली आहेत, तिथं सकाळी साडेसातला रस्त्यावर उभं राहावं. बाया बागेकडं निघालेल्या असतात. डोक्याला रुमाल, अंगात घरच्या गड्याचा जुना शर्ट, हातात भाकरीचं फडकं. सगळ्यांची तोंडं द्राक्षाच्या बागांकडं. एकच बाई अशी, की आज आपली वाट कुठं जाणार हे तिचं तिलाही सकाळी ठाऊक नसतं. कुणाचं लेकरू तापलं तर वस्तीत, कुणाचे दिवस भरले तर मळ्यात, नाहीतर उपकेंद्रात. खांद्याला पिशवी. पिशवीत वही, गोळ्या आणि एक कंगवा. कंगवा कशाला, तर ज्या घरी जावं त्या घरच्या पोरीची वेणी घालता घालता तिला बोलती करता येते. डोक्यातून हात फिरला की बाईमाणूस पोटातलं सांगतं, हा तिचा अनुभव.

ती लताबाई. गावची आशाताई.

शिक्षण आठवी. लग्न होऊन बौद्धवाड्यात आली ती चौदा वर्षं बागेच्या टोळीतच राबली. द्राक्षाच्या घडातले नको ते मणी कात्रीनं काढायचे, उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची, हे काम तिच्या बोटांत बसलेलं. मग आशाची निवड निघाली आणि नवरा पुंजाराम म्हणाला, जा, तुझ्या तोंडाला कुणीतरी पगार द्यायला पाहिजेच होता. पहिल्या महिन्यात तिला ‘हिमोग्लोबिन’ हा शब्द म्हणता येईना. भाकरी थापताना ती तो शब्द थापायची, एका भाकरीला एकदा. दोन आठवड्यांत शब्द असा गोल झाला की उपकेंद्रातल्या अंजली सिस्टर चकित झाल्या. गेल्या अकरा वर्षांत गावात एकही बाळंतपण घरी झालं नाही, हे ती कुणी न विचारताही सांगते. सांगू द्यावं. तो तिचा मानाचा फेटा आहे.

तर या लताबाईकडून मागच्या हंगामात एक चूक झाली. आणि त्या चुकीत चैतालीचे तीन महिने गेले.

चैताली तिच्या शेजारची. अठरा वर्षांची, बारावी झालेली, आईबरोबर टोळीत कामाला जाणारी. पण पोरगी पळायची. कालव्याच्या कडेनं पहाटे पळताना पाहिली तर वाटावं, हिच्या पायांची जमीन फक्त विचारपूस करते. तालुक्याच्या स्पर्धेत तीन हजार मीटरला उतरली. अर्ध्या अंतरापर्यंत सगळ्यांच्या पुढं आणि मग एकदम दिवा मालवल्यासारखी बसली. ओठ पांढरे, छाती भात्यासारखी. नाशकात गंगापूर रोडला पोरींना पळायला शिकवणारे दिनेश सर तिथं होते. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, पाय चांगले आहेत, रक्त नाही. होळीच्या आत हिमोग्लोबिन बारा करून आण. वसतिगृहात एक जागा ठेवतो. नंतर मात्र दुसरीला देईन.

उपकेंद्रात तपासलं. आठ पूर्णांक नऊ. डॉक्टरांनी रोज एक लोहाची गोळी लिहून दिली. सिस्टरांनी टोळीतल्या बाकीच्या पोरींचीही बोटं टोचली, तर पंधरापैकी बारा जणी अशाच निघाल्या. छाटणीचे दिवस होते. लताबाईनं चैतालीच्या आईला शब्द दिला, होळीच्या आधी बारा करून देते, माझ्याकडं लागलं.

पोरींना गोळी गिळायला लावणं म्हणजे बैलाला आंघोळ घालणं. मळमळतं म्हणतात, शी काळी होते म्हणतात. लताबाईनं त्यांना बागेच्या बांधावर बसवून समजावलं. शी काळी होते ती लोहानं, त्याला भ्यायचं नाही. मग रक्ताचं सांगितलं. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, एका थेंबात कोटींनी. हाडांच्या आत मगज असतो, तिथं त्या जन्मतात. तिथून सुटल्या की फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि पायाच्या करंगळीपर्यंत पोचवायचा, पुन्हा माघारी. अशा फेऱ्या साधारण चार महिने. छाटणीपासून द्राक्ष तोडणीला येईपर्यंत जेवढे दिवस लागतात, जवळपास तेवढंच एका पेशीचं आयुष्य. मग ती मोडते आणि दुसरी तयार ठेवावी लागते. पेशी म्हणजे टेम्पो, तिच्यातलं हिमोग्लोबिन म्हणजे क्रेट, आणि क्रेट बनवायला लोह लागतं. पोरींचं लोह दर महिन्याच्या पाळीत जातं, आणि नुसत्या चटणी-भाकरीत तेवढं परत येत नाही. क्रेट कमी पडले की टेम्पो अर्धा रिकामा धावतो. मग जिना चढताना धाप, वर्गात डुलकी, आणि शर्यतीत अर्ध्या वाटेवर पाय जड.

पोरी ऐकत होत्या. तरी गोळ्या कालव्यात जाणार, हे ती जाणून होती. शेजारच्या गावात तसंच व्हायचं.

तेव्हा तिनं आपल्या डोक्यानं युक्ती काढली. रंगनाथनानांच्या बागेत रोज दहाला मालकाचा चहा यायचा. नानांच्या मंडळी चतुराबाई स्वतः किटली घेऊन बांधावर यायच्या. त्यांचा चहा साऱ्या शिवारात नावाजलेला; उकळून उकळून असा काळाभोर, की त्यात दूध पडलं तरी लाजून तळाशी बसावं. त्या एका वेळी सगळी टोळी एका जागी. लताबाई बरोबर दहाला तिथं हजर. एकेकीच्या तळहातावर गोळी, हातात चहाचा कप, आणि सगळ्यांनी तिच्यासमोर एकदम गिळायची. कडू चव चहात बुडायची, मळमळ कमी. चतुराबाई हसून म्हणायच्या, लताबाई, तुझ्या दवाखान्याला चहा आमचाच.

एक गोळी वाया गेली नाही. तालुक्याच्या बैठकीत लताबाईनं हे उभं राहून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

फक्त एक पोरगी वाकडी. पूजा. सोळा-सतराची, कमी बोलणारी. चहाचा वास आला की तिला उमळून यायचं. ती गोळी ओढणीच्या टोकाला बांधायची आणि नंतर घेते म्हणायची. लताबाईला खात्री होती की गोळी कालव्यात जाते. दोनदा तिनं पूजाला सगळ्यांदेखत सुनावलं. पूजानं मान खाली घातली आणि कात्री चालवत राहिली.

डिसेंबर आला. मणी वाटाण्याएवढे झाले. अंजली सिस्टर यंत्र घेऊन बागेतच आल्या, आणि पोरींनी बोटं पुढं केली. लताबाई वहीत आकडे मांडत होती. नऊ. सव्वानऊ. आठ पूर्णांक आठ. चैतालीचं बोट टोचलं. यंत्रानं थोडा वेळ घेतला. नऊ.

तीन महिने रोज गोळी, आणि काटा जागचा हलला नव्हता. चैतालीनं बोटावर कापूस दाबून धरला. तिची आई तेवढी म्हणाली, “लताबाई, होळी आता लांब नाय.”

पुढं पूजा. छाटणीच्या वेळी तिचंही नऊच होतं; आता आकडा आला अकरा पूर्णांक सहा. सिस्टरांनी यंत्र पुसून पुन्हा पाहिलं. तेवढंच.

लताबाई चिडली. जी गोळी फेकते तिचं रक्त वाढलं आणि जिला डोळ्यांदेखत चारली तिचं नाही? तिनं पूजाला द्राक्षाच्या ओळीत बाजूला घेतलं, पिशवीतून कंगवा काढला आणि तिच्यामागं बसली. तीन पेड घातले आणि मग विचारलं.

“गोळी कुठं टाकतीस गं? खरं सांग. रागवायची नाय.”

“टाकत नाय मावशी. दुपारी भाकर झाली का पाण्याबरोबर घेते. डाळीवर लिंबू पिळलेलं असतं ना, मग कडू लागत नाय.”

“मग मला का नाय सांगितलं?”

“तुम्ही विचारलं कुठं. तुम्ही तर बोलत होत्या.”

लताबाईचा हात वेणीतच थांबला.

वेणी घालून ती उठली ती बागेच्या टोकाला गेली. तिथल्या चार ओळींची पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. रंगनाथनाना तिथंच कपाळाला हात लावून उभे होते. तिनं सहज विचारलं, नाना, इथं लोहाचं खत, फेरस, दिलं नाही का. नाना म्हणाले, दिलं तर! बाकीच्या बागेपेक्षा जास्त दिलं. पण या कोपऱ्याला चुनखडी आहे. मातीत लोह पडतं आणि चुनखडी त्याला धरून ठेवते. मुळी समोर असून उपाशी.

चौदा वर्षं बागेत काढलेली बाई ती. हे तिला नवं नव्हतं. पण त्या दिवशी ते वाक्य तिच्या आत जाऊन पडलं. गोळी पडते, आणि आत कुणीतरी तिला धरून ठेवतं. दहा वाजता, किटलीतून.

ती तशीच उपकेंद्रात गेली आणि सिस्टरांना विचारलं, चहा लोहाला धरतो का. अंजली सिस्टर म्हणाल्या, धरतोच. चहात तुरट पदार्थ असतो, तो आतड्यात लोहाला चिकटतो आणि रक्तात शिरूच देत नाही. म्हणून गोळीच्या आधी-नंतर तास-दोन तास चहा नको, दूधही नको. उलट लिंबू, आवळा, पेरू असं आंबट असलं की लोह पटकन आत जातं. मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं. “लताबाई, आपल्या पुस्तिकेत लिहिलंय हे. तुम्हाला ती पाठ आहे.”

होती पाठ. ते वाक्यही पाठ होतं. पण डॉक्टर लोक चहाला नावं ठेवतातच, तशातलंच ते एक, असं समजून तिनं ते ओलांडलं होतं. चहाशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही त्यांना हे काय सांगायचं, असं वाटलं होतं.

सिस्टर म्हणाल्या, उद्यापासून वेळ बदला, कारण सांगत बसू नका, पोरींचा विश्वास जाईल. लताबाई घरी आली. पुंजारामला सगळं सांगितलं. तो सायकलची साखळी बसवत होता. म्हणाला, वेळ का बदलली ते कळलं नाही तर उद्या त्या आपल्या लेकरांनाही चहाबरोबरच देतील. एवढं बोलून तो साखळीकडं वळला.

दुसऱ्या दिवशी दहाला ती बांधावर गेली. किटली आली, कप भरले, पोरींनी सवयीनं हात पुढं केले. लताबाईनं पिशवीचं तोंड उघडलं नाही.

“आज गोळी नाय,” ती म्हणाली. “तीन महिने मी तुम्हाला गोळी चुकीची दिली. चहानं ती मारली. मला लिहून दिलेलं होतं, मी मनावर घेतलं नाय. चूक माझी हाय, तुमची नाय. आणि ही पूजा, हिला मी दोनदा बोलले. साऱ्या टोळीत एकटी हीच बरोबर होती.”

चतुराबाई किटली हातात धरून उभ्या होत्या; त्यांना वाटलं, खापर आपल्या चहावर फुटलं. त्या जरा फणकारल्या, आमच्या चहानं आजवर कुणी मेलं नाही. लताबाई म्हणाली, काकी, चहा सोन्यासारखा आहे, दहाला तो मी पिणारच. फक्त माझी गोळी त्याच्या वाटेत नको. मग तिनं त्यांना कोपऱ्यातल्या पिवळ्या पानांचं सांगितलं. चतुराबाई शेतकऱ्याच्या बायको. चुनखडी म्हटल्यावर त्यांना पुढं काही सांगावं लागलं नाही.

टोळीतली एक म्हातारी हसत म्हणाली, “म्हणजे आशाताईच नापास, अन् पूजी पहिली.” तेव्हा कुठं बाया हसल्या. चैताली मात्र हसली नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, “अडीच महिने उरलेत मावशी. होईल?”

“पोटात गेलं तर होईल,” लताबाई म्हणाली. या खेपेला तिनं शब्द दिला नाही.

त्या दिवसापासून गोळीची वेळ दुपारी दोनची झाली. भाकरी झाली की गोळी; तिच्या तासभर आधी नाही, नंतर नाही, चहा कुणी तोंडाला लावायचा नाही. दुपारचा चहा चारला ढकलला. चतुराबाईंच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. त्या रोज ओटीभर लिंबं आणून फडक्यावर ओतायच्या. गोळ्या वाटायचं काम लताबाईनं पूजाला दिलं. पूजा हातात डबी घेऊन ओळीनं फिरायची आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या जरबेनं म्हणायची, पाणी. जेवणातही बायांनी जमेल तसा फरक केला. शेपू, मेथी, मटकीची उसळ, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ.

जानेवारीत चैताली कालव्याच्या कडेनं पुन्हा पळू लागली. आधी हळू. तिची आई म्हणाली, आता जिन्यावर धाप लागत नाही, आणि भूक बघा कशी, दोन भाकरी जास्त लागतात. मध्येच एकदा तपासलं तर दहा पूर्णांक सात. लताबाईनं आकडा वहीत लिहिला आणि कुणाला सांगत फिरली नाही. तिच्या स्वभावाला हे जड गेलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तोडणी जोरात होती. क्रेट भरून टेम्पो रस्त्याला लागत होते. होळीला अजून चार दिवस होते. सिस्टर बागेत आल्या. पोरींनी चैतालीला आधी पुढं ढकललं. द्राक्षाच्या रसानं चिकट झालेली बोटं तिनं धुतली, पुसली आणि एक बोट पुढं केलं. लताबाईनं वही उघडलीच नव्हती. ती यंत्राकडंही पाहत नव्हती, पोरीच्या ओठांकडं पाहत होती. ओठ लाल होते.

“बारा पूर्णांक दोन,” सिस्टर म्हणाल्या.

चैतालीनं तिथूनच दिनेश सरांना फोन लावला. ते काय बोलले ते बाकीच्यांना ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती आईला म्हणाली, सोमवारी यायला सांगितलंय, गादी घेऊन. आईनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच विचारलं, तिथं दुपारी काय जेवायला देतात. मग लताबाईच पुढं झाली. पोरीच्या हातात तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, कारण आकडा भरला तरी अंगातला साठा भरायला आणखी वेळ लागतो, आणि कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची, हे तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

चैताली तिसऱ्यांदा म्हणत होती तेव्हा मागं रांगेत उभ्या पोरी कुजबुजत हसत होत्या. पूजानं त्यांना गप्प केलं आणि पुढचीचं बोट धरलं.