न दिलेला ठिपका

घोड्यांचं रक्त तपासणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला फार कळतं. मलाही वाटायचं, त्या सोमवारपर्यंत.

कन्हानकडच्या एका घोडेवाल्याने आमच्या प्रयोगशाळेत तीन नमुने दिले होते. पैदाशीचा एक घोडा आणि त्याच्यासाठी आणलेल्या दोन घोड्या. विषाणूने होणारा रक्तक्षय नाही ना, एवढंच पाहायचं होतं. त्यावर औषध नाही. निघाला तर जनावर मारावं लागतं.

काम तसं सोपं. जेलच्या बशीत फुलासारखी सात भोकं पाडायची. मधल्यात विषाणूचा अंश. भोवतीच्या सहांत एकाआड एक, तीन घोड्यांचं सीरम आणि तीनदा आमच्याकडचं, रोगी म्हणून पक्कं ठाऊक असलेलं. दोन दिवसांनी रोगी सीरमसमोर पांढरी रेघ उमटते. बशी कशीही फिरवली तरी सारखीच दिसते, म्हणून पहिल्या भोकाशी मार्करने ठिपका द्यायचा. मी दिला नाही. माझ्या लक्षात राहतं म्हणे.

सोमवारी बशी दिव्यासमोर धरली, तर रेघा घोड्यांच्या भोकांसमोर. तिन्ही जनावरं रोगी. शहाणपण काही थांबेना. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम येण्याआधी मीच घोडेवाल्याला फोन लावला. त्याने फक्त विचारलं, घोडासुद्धा का? मी हो म्हणालो.

मॅडम आल्या. बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून गा, तिन्ही घोडे बिमार, अन् आपलं बिमार सीरम ठणठणीत?"

मी बशी एक घर फिरवली. सगळं जागच्या जागी बसलं. घोडे निरोगी, बिमार मी.

बशी पुन्हा मांडायची होतीच; पण मॅडम म्हणाल्या, आधी फोन लावा, त्याने डॉक्टर बोलावला असेल तर? घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. सुई, घोडा, जमिनीवर टेकलेली मान, सगळं मला तिथे खुर्चीत दिसून राहिलं होतं. चौथ्यांदा त्याने उचलला. चूक माझी, घोडा जिवंत ठेवा, असं मी एका दमात ओकलो आणि शिव्यांची वाट पाहत थांबलो.

तो हळूच म्हणाला, "म्या घोड्याले सांगून टाकलं ना जी. गळ्यात पडून सांगितलं. आता कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्यापाशी?"