एक पाय पलीकडे

महाराष्ट्रातल्या हद्दी आज जागच्या जागी आहेत, याचं बरंचसं श्रेय माझ्या सासऱ्यांना द्यावं लागेल. त्यांनी शत्रू वगैरे कोणी परतवून लावला नाही. ते जमीनमोजणीच्या खात्यात होते. निवृत्त होऊन खराडीला आमच्याकडे राहायला आले, ते टेप घेऊनच. पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओणवे होऊन त्यांनी शेजारच्या तरुण इंजिनिअरची गाडी आमच्या जागेत चार इंच शिरल्याचं सिद्ध केलं. तो म्हणाला, "चिल करा ना काका, चार इंच तर आहे!" सासरे म्हणाले, "चार इंचांपायी एकमेकांच्या मयताला न गेलेले भाऊ मी पाहिलेत." दुसऱ्या दिवसापासून तो गाडी रस्त्यावर लावू लागला. घरातही तेच. सोफ्यावर त्यांचं वर्तमानपत्र जिथे संपतं, तिथून आमचा मुलूख सुरू होतो.

अशा माणसानं राज्याची हद्द मात्र एकदाही ओलांडली नव्हती. बदल्या सगळ्या महाराष्ट्रातच झाल्या आणि रजा घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. गेल्या हिवाळ्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि ते हट्टालाच पेटले. "जावईबापू, परराज्यात पाऊल टाकायचं तर ते माझ्या गुडघ्यांवर. बसवलेल्या गुडघ्यांवर गेलो, तर गेलं कोण?" मग आम्ही हद्दीच्या अलीकडे, शिरोड्याला हिच्या मावशीकडे गेलो. तिथून रिक्षानं तेरेखोल, तेरेखोलहून फेरीबोटीनं नदीपार गोवा, तिथे जेवण आणि संध्याकाळी परत, असा त्यांचा बेत. पुलावरून सरळ गाडी जाते, असं मी सुचवून पाहिलं. "पुलावर हद्द कळत नाही. नदीत ती बरोबर मध्यावर असते."

बोट हलली आणि बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, वय निम्मं झालं. कडक इस्त्रीच्या शर्टात ते स्कूटरवाल्यांमधून, मासळीच्या टोपल्यांमधून वाट काढत पुढे गेले आणि बोटीवरच्या खलाशाला म्हणाले, "अहो, मध्य आला की सांगायचं हं. एक पाय महाराष्ट्रात, एक गोव्यात, असा फोटो काढायचाय."

"मध्य खंय सांगू, आजोबा? भरती आसा."

"मग मध्य मीच काढतो!" त्यांनी दोन्ही काठांकडे आळीपाळीनं पाहिलं, घड्याळ पाहिलं, उजवा पाय पुढे रोवला. "तयार राहा, जावईबापू! हद्द आली! आली!"

तेवढ्यात खलाशी माझ्या कानाशी लागला. "साहेब, दोन्ही काठ गोव्याचेच. तेरेखोलसुद्धा गोव्यातच येता."

मी फोन हातात धरून बाबांकडे पाहिलं. पाय पुढे, छाती पुढे, वाऱ्यानं पांढरे केस उभे राहिलेले. मोजमापात चुकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी पाहावंसंही वाटेना.

"आला का फोटो?"

"बरोबर मध्यावर," मी म्हणालो.

पलीकडच्या उतारावर त्यांनी माझा हात झटकला. एकेक पाऊल टाकत, कळ सोसत, ते धक्क्यावर चढले आणि थांबले. मग म्हणाले, "माती आपल्यासारखीच आहे हो."

आता ते काठी घेऊन सोसायटीत दोन चकरा मारतात आणि भेटेल त्याला ती नदी सांगतात. मी ऐकत असतो. राज्याची हद्द आम्ही खरोखरच ओलांडली होती, तेरेखोलच्या अलीकडे, रिक्षात. बाबा तेव्हा घोरत होते.