खाली काहून बसले जी?

आधीच सांगतो, भूतखेत, अंगात येणं, सावल्या... यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच या गोष्टी घराबाहेर गेल्या. बाबा तर असलं काही सांगणाऱ्याला समोर बसवून इतके प्रश्न विचारायचे, की भूतच पळून जावं. त्यामुळे हे लिहिताना मला ओशाळल्यासारखं होतंय.

मी अमरावतीत राहतो. इमारत बांधून होण्याआधी ती आतून-बाहेरून कशी दिसेल, याची कॉम्प्युटरवर फिल्म बनवतो. बाबा गेल्यावर पुण्याची नोकरी सोडून आईजवळ आलो. पहिलं मोठं काम मिळालं ते अकोल्याच्या एका डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याचं. ते जमलं तर इथंच राहायचं, नाहीतर परत पुणे... आणि आई हे घर सोडायला तयार नव्हती.

या कामासाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, आणि ते निम्म्या वेगानं चालायला लागलं! ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, केबल बदलली, विंडोज नव्यानं टाकलं. ढिम्म. अकोल्याचा मित्र प्रशांत फोनवर एकच सांगायचा, "गरम होऊन राहिलं असन. हवा लागू दे त्याले." अकोल्याच्या माणसाला सगळ्या दुखण्याचं मूळ उन्हातच दिसतं. पण मीही काही कमी नाही. मे महिना आहे, प्रोसेसरपासून लांब गार राहील म्हणून मी कार्ड मदरबोर्डची वरची खाच सोडून मुद्दाम खालच्या खाचेत बसवलं होतं. शिवाय कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडं टाकून कूलरसमोर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म अकोल्यात दाखवायची होती. भर दुपारी मी फरशीवर मांडी घालून त्या कॅबिनेटसमोर बसलो होतो. डॉक्टरांना काय कारण सांगायचं, याची मनात जुळवाजुळव चाललेली. तेवढ्यात मागून, बाबांच्या खुर्चीच्या बाजूनं, स्वच्छ ऐकू आलं -

"खाली काहून बसले जी? वर बसा ना."

बाबांचा आवाज. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

हे वाक्य आमच्या घराला पाठ आहे. आजोबांचा जन्म दुसऱ्यांच्या अंगणात खाली बसण्यात गेला. म्हणून आपल्या घरी कोणी जमिनीवर बसलेलं बाबांना चालत नसे. सिलिंडर आणणारा असो की साहेब, आधी खुर्ची.

मला वाटलं, ऊन लागलं. पण आई स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली.

"कोन आलं?"

"कोनी नाई. काहून?"

"ते कोनाले तरी वर बसा म्हणून राहिले होते ना..." बोलता बोलता ती थांबली. ग्लास हातात तसाच.

मी उठून खुर्चीत बसलो. तिथून उघड्या कॅबिनेटकडे नजर गेली. वरची खाच रिकामी... कार्ड खाली... वर बसा!

कार्ड वरच्या खाचेत बसवलं. पूर्ण वेग! खालची खाच दिसायला तेवढीच लांब, पण तिच्यातून माहिती वाहते चौथा हिस्सा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय. जाणकार हसतील; हसा. संध्याकाळपर्यंत फिल्म तयार झाली. डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली आणि पुढचंही काम दिलं. मी अजून अमरावतीतच आहे, आईच्या हातची भाकर खातोय. बाबा, हे उपकार कसे फेडू?

मन खेळ करतं, हे मला कळतं. उत्तर डोक्यात कुठंतरी असेल, ते ओळखीच्या आवाजात आलं असेल. पण मग आईनं काय ऐकलं? ती पाणी कुणासाठी घेऊन आली?

आणि अजून एक. बाबा मला आयुष्यात कधी 'जी' म्हणाले नाहीत. मला "ऊठ बे" असायचं. 'जी' फक्त पाहुण्याला. त्या दिवशी आमच्या घरात नवा पाहुणा एकच होता, आणि त्याला मी खाली बसवलं होतं.