उसन्या निखाऱ्यांवरची भाकरी

नीलाक्का गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. चटणीसाठी शेंगांचं पोतं अक्काकडं पाठवायचं म्हणून मी कुंभारीच्या थांब्यावर उभी होते. तो खाली उतरला, पण पोत्याला हात लावेना. ‘‘ताई, ऱ्हाऊ द्या ते. तुमची अक्का गेली सकाळी...’’ महिना होत आला, अजून मला एका जागी बसवत नाही. माझी ही थोरली बहीण स्वतः कधी टेकली नाही आणि तिच्याबद्दल लिहायलाही मी उभ्या-उभ्याच घेतलंय.

भवानी पेठेत तिचं घर. मेहुणे मिलमध्ये बदली कामगार. पाळी मिळाली तर मिळाली, नाहीतर फाटकावरून परत. म्हणून अक्का कडक भाकरी करून विकायला लागली. ज्वारीची पातळ भाकरी आधी तव्यावर भाजायची, मग मंद आचेला टेकवून पापडासारखी कडक करायची. नवी पेठेतला एक दुकानदार म्हणाला, आणाल तेवढ्या ठेवतो. पण अक्काकडं चूल एक, त्यात सरपण विकतचं! दुसरी एखादी गप्प बसली असती. हिनं गल्लीत डोकावून बघितलं. दुपारचा स्वयंपाक झाला की घरोघरी चुलीत निखारे नुसते विझत पडलेले. ‘‘इस्तू वाया चाललाय की गं तुमचा! माज्या भाकरी टेकवून ठेवा, चार पैसे तुमालाबी मिळतील,’’ असं म्हणत ती दारोदार गेली. मला मेलीला लाज वाटायची. ‘‘विस्तव मागत हिंडतीस, लोक काय म्हणतील?’’ मी एकदा विचारलंच. ‘‘लोक व्हय म्हणत्यात,’’ ती म्हणाली आणि पुढच्या दारात शिरली.

असं करत अख्खी गल्ली तिच्या भाकरीला लागली. बायकांच्या हातात स्वतःची कमाई आली. आणि त्या कमाईतून एकेकीनं काय घ्यावं? रॉकेलचा स्टोव्ह! धूर गेला, डोळ्यांची आग थांबली आणि निखारेही गेले. अक्काच्याच पैशानं अक्काची आच विझली... हसावं की रडावं मला कळेना. शेजारच्या गौरव्वानं पेढा हातावर ठेवून नवा स्टोव्ह दाखवला. अक्कानं तो पेढा खाल्ला. ‘‘लई चांगला हाय की,’’ म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र उंबऱ्यापाशी चप्पल शोधत राहिली. चप्पल पायातच होती.

मग कितीतरी दिवस ती पेठेत नुसती भिरभिरत होती. एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी रसूलचाचांच्या बेकरीत शिरली. पाव काढल्यावर भट्टी दुपारभर हळूहळू निवत राहते, हे तिनं हेरलं होतं. चाचा म्हणाले, ‘‘खालीच रहती ना, अक्का. रखो तुमे.’’ पण घरी सासूबाई भडकल्या. ‘‘अंड्याची बिस्किटं भाजत्यात तितं आपली भाकरी?’’ आम्ही लिंगायत, अंड्याचं नावसुद्धा घरात नको. अक्कानं भाकरी मांडून भट्टीत सारायला स्वतःचे वेगळे पत्रे करून घेतले. निखारे गेले तरी गल्लीतल्या सगळ्याजणींना तिनं थापायला बसवलं, एकीलाही सोडलं नाही. सासूबाईंनी भट्टीतली भाकरी कधी तोंडाला लावली नाही. थापायला मात्र सगळ्यांच्या आधी बसायच्या.

अक्काच्या मातीहून परतताना माझ्या डोक्यात एकच भुंगा होता. आता याचं काय होणार? दुकान परक्याचं, भट्टी परक्याची, हात शेजारणींचे. हिच्या नावावर काही नाही. सगळा पसारा तिच्या जिभेवर उभा, आणि तीच गप्प झाली होती. रागसुद्धा आला मला तिचा. दुःखाचे दिवस सरल्यावर पेठेत गेले, तर बायकांनी भाकरी थापून, तव्यावर भाजून ठेवलेल्या. पण चाचांना विचारायला जायचा धीर एकीलाही होईना. शेवटी मीच पाटी उचलली.

चाचा दारातच उभे होते. ‘‘चाचा, अक्का तर आता... मग भट्टी...’’ मी पाटी पुढं केली.

‘‘पूछने का काम अक्का करको गई,’’ ते म्हणाले. ‘‘तुमे पत्रे अंदर डालो. भट्टी ठंडी होरी.’’

मी भाकरी मांडून पत्रे आत सारले. मला आचेचा अंदाज कुठला! पहिल्याच खेपेच्या कडा करपल्या. अक्का असती तर ‘‘डोळे कुटं हायत तुजे?’’ म्हणून बेकरी डोक्यावर घेतली असती. पत्रा बाहेर ओढून मी सवयीनं खांदे आवळून उभी राहिले. कुणी ओरडलं नाही. तिथं भट्टीपुढं मला पहिल्यांदा रडू आलं.